सत्तेचाळीस नंबरचा गोंडा

कांद्याच्या फुलावर मधमाशी नाखुशीने जाते, ही गोष्ट सुमेधाला पीएच.डी.ला नाव घातल्यावर सहा महिन्यांनी कळली. आधी कळली असती तर तिने सूर्यफूल निवडलं असतं आणि एव्हाना डॉक्टर होऊन मोकळी झाली असती. पण विषय साहेबराव सरांनी दिला होता, सरांना तो त्यांच्या सरांनी दिला होता, आणि या सगळ्या देवाणघेवाणीत माशीची पसंती कुणी विचारली नव्हती. कांद्याच्या मधुरसात पोटॅश जास्त असतं. माशी येते, एक घोट घेते, आणि शेजारच्या रानात धने फुललेले दिसले की पंगतीत आळणी भाजी वाढली गेलेल्या व्याह्यासारखी काही न बोलता उठून जाते.

तरी ती परत येते, आणि ती आल्याशिवाय कांद्याचं बी धरत नाही. किती धरत नाही, हे सुमेधाला मोजायचं होतं.

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे चार किलोमीटरवर आदिनाथचं रान होतं. एकरभर कांदा त्याने बियाण्यासाठी लावला होता. फेब्रुवारीत त्या एकरात कमरेएवढे पोकळ दांडे उभे राहिले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा मुठीएवढा गोंडा आला. सुमेधाने बांधावर मधमाश्यांच्या दहा पेट्या ठेवल्या. रानात साठ गोंडे निवडून त्यांना नुसते बिल्ले लावले. ते उघडे, माश्यांना मोकळे. आणखी साठांवर मलमलीच्या पिशव्या चढवल्या, खालून दोरी आवळली आणि एक ते साठ नंबर घातले. तिथे माशीला बंदी. शेवटी दोन्हींतलं बी मोजायचं. एवढाच प्रयोग.

"मॅडम, हे तर आमची म्हातारी बी सांगल," आदिनाथ पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "माशी न्हाई तर दाणा न्हाई."

"पण किती नाही, ते हवंय."

"जे न्हाईच ते मोजणार कसं?"

सुमेधाने यावर तीन मिनिटं समजावून सांगितलं. आदिनाथने मान हलवत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग चहा ठेवायला सांगू का?"

रानातल्या प्रयोगाचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. पहिल्या वर्षी गोंडे ऐन भरात असताना गारपीट झाली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या भावकीने सकाळी दहा वाजता, म्हणजे माश्या कामावर असतानाच फवारणी केली. दुपारी पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्या मुठीमुठीने उचलाव्या लागल्या. आता शिष्यवृत्ती जानेवारीत संपली होती आणि नोंदणी जूनअखेर संपणार होती. यंदा आकडे हाती आले तर पदवी, नाही तर पाच वर्षं मातीत. मंठ्याला तिचे वडील राजानंद, निवृत्त शिक्षक, यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी यंदा डॉक्टर होते. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी आपले गुडघे तिच्यासाठी राखूनही ठेवले होते.

आणि गोंडे नेमके पंचाहत्तर टक्के फुलले असताना सरांचा फोन आला.

"मूल्यांकन समिती येतेय. सगळे संशोधक विभागात हजर पाहिजेत."

"सर, फुलोरा ऐन—"

"फुलोरा दरवर्षी येतो. समिती पाच वर्षांनी येते."

सुमेधा गेली. नऊ दिवस तिने फायलींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दारात मधमाशीची रांगोळी काढली. सरांना दोन पंख पुरेसे वाटत होते. तिने चार काढले, कारण माशीला चार असतात. समिती त्या चारही पंखांवर पाय देऊन आत गेली.

जाताना तिने आदिनाथला तीन गोष्टी बजावल्या होत्या: फवारणी होऊ द्यायची नाही, शेळ्या शिरू द्यायच्या नाहीत, पिशव्यांना पोरांचा हात लागू द्यायचा नाही. आदिनाथने तिन्ही अक्षरशः पाळल्या. भावकीतल्या चुलत्याला पंप घेऊन येताना पाहून तो बांधावर आडवा झोपला, असं तो नंतर वर्षभर सांगत होता.

दहाव्या दिवशी सुमेधा भोकरदनला बसमधून उतरली, काळीपिवळी जीपने पिंपळगावला आली आणि तिथून आदिनाथच्या मोटारसायकलवर रानात. पिशव्या जागच्या जागी होत्या. पण पिशवीच्या खाली, दांड्याला, लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. पुढच्या दांड्यालाही. त्याच्या पुढच्याही.

"हे काय आहे, आदिनाथभाऊ?"

"म्हंजी? हे तुमचं न्हाई?"

"माझं कसं असेल?"

"मला वाटलं नजर लागू ने म्हणून विद्यापीठानं काही सांगितलं असंल."

"विद्यापीठ नजर मानत नाही."

"आता आपल्याला काय माहीत विद्यापीठ काय मानतं," आदिनाथ म्हणाला. "गेल्या साली तुमी मेलेल्या माश्या बी डबीत भरून नेल्त्या."

सुमेधाने एका पिशवीची दोरी पाहिली. ती नेहमी साधी सरकगाठ मारायची. ही गाठ दोनदा फिरवलेली, पक्की, तिच्यापेक्षा कितीतरी चांगली होती. पिशवी कुणीतरी सोडली होती आणि परत बांधली होती.

"माझ्या मागे रानात कोण येऊन गेलं?"

"कोणीच न्हाई. पोरं न्हाई, शेळ्या न्हाई, फवारा न्हाई." आदिनाथने बोटं मोजली. "आपल्या नेटमधल्या बाया तेवढ्या दुपारच्याला इकडून जायच्या. पण त्या का पोरं हायेत?"

रानाच्या वरच्या अंगाला आदिनाथची शेडनेट होती. हिरव्या जाळीचं मोठं घर. त्यात संकरित मिरचीचं बियाणं तयार व्हायचं. त्या भागात हा धंदा घरोघरी चालतो आणि त्याचं सगळं नाजूक काम बायाच करतात. एका जातीच्या मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, तिच्यातले नर केसर काढून टाकायचे; मग दुसऱ्या जातीचा पराग आणून तिला लावायचा. लावला की देठाला धागा बांधायचा. फळ आलं आणि देठाला धागा नसला, तर ते फळ कितीही गुबगुबीत असो, तोडून फेकायचं. दिवसाला शेकडो कळ्या. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. माशीचं काम बाई करते, आणि माशीपेक्षा वक्तशीर करते.

टोळीची मुकादम गोजरबाई होती. साठीची, हडकुळी, बावीस वर्षं क्रॉसिंग केलेली. सुमेधा नेटमध्ये शिरली तेव्हा ती चिमटा पदराला पुसत होती.

"मावशी, खालच्या कांद्यातल्या पिशव्या कुणी सोडल्या?"

"आम्हीच की," गोजरबाई म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं की सुमेधाला पुढचा प्रश्न विचारणं जड गेलं. "म्हणलं, मॅडम पिशव्या बांधून गेल्या त्या गेल्याच. फूल किती दिस वाट बघंल? तुमचं निम्मं काम राह्यल्तं. आम्ही करून टाकलं."

"निम्मं?"

"आवं, पिशवी बांधली म्हंजी पराग लावायचा ऱ्हायला, एवढं काय आम्हाला कळत न्हाई का? पिशवी सोडली, शेजारचा गोंडा तोडून आणला, त्याच्यावर चांगला घासला, पिशवी बांधली, धागा मारला. सोमवारी एक डाव, गुरुवारी एक डाव. नेटमदलं काम लवकर उरकत होतं, मंग बसून काय करायचं?" तिने आवाज खाली आणला. "तुमी एक चुकल्या मात्र. आतला नर काढलाच न्हवता. पण मी कोणाला बोलले न्हाई. नवीन माणसाचं व्हतं असं."

मागून बेबीनंदा म्हणाली, "आम्ही तर पैसे बी मागितले न्हाई." बेबीनंदा पस्तिशीची, टोळीत सर्वांत चपळ हातांची आणि त्याहून चपळ तोंडाची.

सुमेधा ओरडणाऱ्यांतली नव्हती. ती रागावली की वही काढून तारीख लिहायची. तिने तारीख लिहिली. मग बांधावर जाऊन बसली आणि समोरच्या पेटीतून जाणाऱ्या माश्या मोजू लागली, कारण दुसरं काय मोजावं हे सुचत नव्हतं. ज्या साठ गोंड्यांवर काहीही पोचायला नको होतं, त्यांच्यावर बावीस वर्षांचा अनुभव पोचला होता.

दोनशे चाळीसाव्या माशीला तिला धागा आठवला.

ती उठली आणि एक ते साठ सगळे गोंडे पालथे घातले. तेहतीस दांड्यांना धागा होता. सत्तावीसांना नव्हता, काही अधूनमधून सुटलेले, बाकीचे खालच्या टोकाचे, जिथवर बाया पोचल्या नसाव्यात. त्या सत्तावीस पिशव्यांची गाठ तिची स्वतःची, म्हणजे वाईट होती. निदान पहिल्या दहांची तरी. पुढच्या गाठी ओलीने आवळून गेल्या होत्या आणि कुणाच्या ते ओळखणं अवघड होतं.

तिने नेटमध्ये परत जाऊन विचारलं, "मावशी, हात लावला आणि धागा नाही, असं एखादं झालं असेल का?"

गोजरबाईने चिमटा खाली ठेवला.

"मॅडम, बावीस वर्सं झाली. माझ्या टोळीत धाग्याबिगर फळ गेलं न्हाई. धागा न्हाई म्हंजी हात न्हाई. बिलकुल न्हाई. इचारा ह्यांना."

बायांनी माना हलवल्या. बेबीनंदानेही हलवली.

झालं तर मग. सुमेधाने रात्री, म्हणजे जेवण्याच्या आधीच, प्रयोगाची नवी मांडणी लिहून काढली. रकाने दोनाचे तीन झाले: माशीला मोकळे साठ, बायांच्या हातचे तेहतीस, आणि कुणाचाही स्पर्श नसलेले सत्तावीस. खालच्या टोकाचे उघडे गोंडे वेगळेही मोजायचे, म्हणजे टोकाच्या मातीमुळेच बी कमी धरत असेल तर कळेल. साठांऐवजी सत्तावीस कमी होते, पण फरक मोठा असला की पुरतात. गारपिटीने मारलं, फवाऱ्याने मारलं, आणि आता मदतीने मारता मारता सोडलं, असं तिला वाटलं. ती जरा जास्तच जेवली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोंडे वाळले, काळं बी बोंडांतून डोकावू लागलं. मिरचीचा हंगाम संपला होता, तेव्हा कांदा कापायला तीच टोळी आली. सुमेधाचे एकशेवीस गोंडे आधी कापायचे, प्रत्येक वेगळ्या कागदी पिशवीत, मग बाकीचा एकर. ती आदिनाथला पिशव्या लावून दाखवत होती.

"हे धागेवाले इकडे. हे बिनधाग्याचे इकडे. धागा नाही म्हणजे हात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, आदिनाथभाऊ. सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे."

भाकरीच्या वेळेला बेबीनंदा तिच्याजवळ येऊन बसली. इकडे तिकडे पाहिलं.

"ताई, प्रबंध म्हंजी काय असतं?"

"मी पाच वर्षांत काय केलं, ते लिहायचं. त्यावर पदवी मिळते."

"आन् त्याच्यात खोटं निघालं तर?"

"तर नाही मिळत. का?"

बेबीनंदाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात न घालता हातातच धरला. "सोमवारी माझी लोकर संपल्ती. माझ्या वाट्याचे तीन गोंडे ऱ्हायल्ते. म्या केले. धागा न्हवता. गुरुवारी बी केले, तव्हा ध्यानात होतं कुठले ते."

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"म्हातारीपुढं? धाग्याबिगर केलं म्हणलं असतं तर तिनं मला नेटमदून हाकलली असती. लोकर पोरीला दिल्ती शाळेत फुलं करायला."

सुमेधाने तारीख लिहिली. हातातलं पेन जरा जास्त दाबलं गेलं. सत्तावीसांतले तीन खोटे होते, आणि कोणते ते माहीत नव्हतं.

तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, "यात काय मोठं? मोजून घे. तीन भरलेले निघतील, ते फेकून दे. सोपं आहे."

"सर, भरलेले निघाले म्हणून फेकायचे, तर उरलेले रिकामेच राहणार. मग बंद पिशवीत बी धरत नाही हे मी सिद्ध केलं की निवडलं?"

"सुमेधा, तू फार विचार करतेस," सर म्हणाले. मार्गदर्शक म्हणून पाच वर्षांत त्यांनी केलेलं हे सर्वांत अचूक निरीक्षण होतं.

म्हणजे मोजायच्या आधी, कापायच्याही आधी, ते तीन ओळखायला हवे होते. सुमेधा बेबीनंदाला घेऊन खालच्या टोकाला गेली. बेबीनंदाने वाळलेल्या दांड्यांकडे पाहिलं. एक दांडा दुसऱ्यासारखा होता.

"तव्हा सगळं हिरवं होतं," ती म्हणाली. मग एकदम, "पण भांडण ध्यानात हाय."

"कसलं?"

"त्या दिवशी माझं आन् म्हातारीचं लागल्तं ना. ह्याच ओळीत. माझ्या नणंदेच्या लग्नावरून. सुरुवात तिकडून झाली आन् लोकर संपली तव्हा आम्ही... तिला बोलवा. दोघींशिवाय जमायचं न्हाई."

गोजरबाईला बोलावलं. लोकर संपल्याचं ऐकून तिने बेबीनंदाकडे असं पाहिलं की बांधावरचा आदिनाथही दोन पावलं मागे सरला. पण मुकादमाच्या टोळीची इज्जत पणाला लागली होती. तिने पदर खोचला.

"चला. कुठून लागलं?"

"हितून," बेबीनंदा अडतीस नंबरपाशी उभी राहिली. "हितं तुमी म्हणल्या, नणंदेच्या लग्नात वरण पातळ होतं."

"होतंच पातळ."

"आत्ता न्हाई, तव्हा म्हणल्या." दोघी एक पाऊल पुढे सरकल्या. चाळीस. "हितं म्या म्हणले, पातळ होतं तर तिसऱ्यांदा काहून मागितलं?"

"म्या भात मागितल्ता. वरण नुसतं आपोआप वाढलं."

"मंग हितं," त्रेचाळीस, "तुमी माझ्या सासऱ्यावर गेल्या. म्हणल्या, शंभर माणसाचं बोलावणं आन् साठ माणसाचा खर्चा."

"खरंच हाय ते. आचाऱ्यानं मला सोता सांगितलं."

"कोण आचारी? त्याचं नाव सांगा!"

"नाव सांगून काय त्याची मजुरी बुडवू?"

"थांबा," सुमेधा म्हणाली. "लोकर कुठे संपली?"

"डब्याचं म्हणले तव्हा," बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "म्या म्हणले, वरण पातळ होतं तर जाताना दोन डबे भरून कोणी नेले?"

"एक डबा! दुसऱ्यात लोणचं होतं!"

"आन् लोणचं काय तुमच्या घरचं होतं?"

"बेबीताई, डब्याचं बोललात तेव्हा कुठे होता?"

"हितंच!" बेबीनंदाने मागे न पाहता हात मारला. "हे, हे आन् हे!"

चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. सुमेधाने नंबर लिहिले, वेळ लिहिली, दोघींना वाचून दाखवले. दोघी ऐकत नव्हत्या. आचाऱ्याचं नाव निघालं होतं आणि तो बेबीनंदाच्या माहेरचा निघाला होता. आदिनाथने साक्षीदार म्हणून सही केली. त्याचं म्हणणं पडलं की वरण पातळच होतं, पण ते वहीत घेतलं नाही.

मग कापणी झाली. सुमेधा आदिनाथच्या ओसरीवर अकरा दिवस बसून बी मोजत होती: पांढऱ्या ताटात काळं बी, दहा-दहाच्या ढिगाने, चिमट्याने. उघड्या गोंड्यांत सरासरी पाचशे वीस. धाग्यावाल्यांत तीनशे चाळीस. बिनधाग्याचे चोवीस तिने शेवटी ठेवले, आणि ते तीन त्याहून शेवटी. बिनधाग्यांत बिया निघत होत्या चाळीस, एकेचाळीस, अडतीस, बावन्न. हात सराईत झाला. मग तिने सत्तेचाळीस नंबरची पिशवी उलटली आणि ताटात टपटप आवाज आला.

तीनशे अठ्ठावीस.

तिने पुन्हा मोजलं. तीनशे अठ्ठावीसच. मग तिने वेगळ्या ठेवलेल्या तीन पिशव्या उघडल्या. पंचेचाळीस नंबर: तीनशे एकावन्न. सेहेचाळीस: तीनशे सोळा. चव्वेचाळीस: एकोणचाळीस.

आदिनाथ ताटावर वाकला होता. "बेबीनंदा एका गोंड्यानं चुकली," तो म्हणाला. "मागं न बघता हात मारला ना तिनं. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस पाहिजे होते. मॅडम, हे तर उघडच हाय."

उघड होतं. सुमेधाने वहीत तारीख लिहिली आणि खाली लिहिलं: सत्तेचाळीस हिशोबात आत, चव्वेचाळीस बाहेर, मोजण्यापूर्वी ठरल्याप्रमाणे. हे लिहिताना तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी तिने बेबीनंदाला फोन लावला. बेबीनंदा म्हणाली, "मी चुकत न्हाई. तुमची माशी शिरली असंल. माश्यांवर तुमी नजर ठेवत न्हाई आन् आम्हाला बोलता." मग फोन गोजरबाईने घेतला. तिला तीनशे चाळीसचा आकडा कळला होता आणि तो तिला झोंबला होता.

"माशीचे पाचशे आन् आमचे साडेतीनशे कसे? माशी रोज जाती, दिसभर जाती. आम्ही दोनच डाव गेलो. हिशोब बराबर लावा."

सुमेधाने तो लावला. दोन फेऱ्यांत तीनशे चाळीस, त्यातले चाळीस आपोआप धरणारे. म्हणजे हाताच्या एका फेरीला दीडशे. आणि तिच्याच नोंदींप्रमाणे एका गोंड्यावर फुलोऱ्याभरात माश्यांच्या शेकडो भेटी झाल्या होत्या; भेटीमागे एखादं बी.

"मावशी, एका फेरीत तुम्ही माशीच्या शंभरपट."

"मंग तसं लिवा," गोजरबाई म्हणाली. "फुकट ऱ्हाबती म्हणून माशीचं कवतिक."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुमेधा प्रबंध घेऊन सरांसमोर बसली. सरांनी आलेख काढला, चष्मा वर केला आणि बोट बरोबर त्या एकाच ठिपक्यावर ठेवलं. चोवीस ठिपक्यांपैकी तेवीस तळाला चिकटून बसले होते आणि एक वर टांगला होता.

"हा काय?"

तिने सांगितलं. नेट, धागा, लोकर, नणंदेचं लग्न, सगळं.

"मग हा आणि चव्वेचाळीस बदल."

"नाही बदलता येत, सर."

"अगं, ती बाई एका गोंड्याने चुकली. लहान मुलाला कळेल."

"मलाही कळतंय. पण कळलं ते बी मोजल्यावर. मोजायच्या आधी कळलं असतं तर बदललं असतं."

"परीक्षक या एका ठिपक्यावर तुला तासभर भाजून काढेल. आणि मला विचारेल, मार्गदर्शक काय करत होते." सरांनी कागद तिच्याकडे सरकवले. "बदल आणि घेऊन ये. अशावर मी सही करणार नाही."

जूनचे सतरा दिवस उरले होते. सुमेधाने कागद परत घेतले नाहीत. ते टेबलावर दोघांच्या मधोमध राहिले.

"सर, मी दोन्ही तऱ्हांनी गणित केलंय. बदललं तर बंद पिशवीची सरासरी पंचेचाळीस. न बदललं तर सत्तावन्न. उघड्यांची पाचशे वीस. निष्कर्ष दोन्हीकडे तोच."

"म्हणजे काही फरक पडत नाही!"

"नाही."

"मग बदलायला तुझं काय जातं?"

"फरक पडत नसेल, तर बदलायची गरज नाही," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, म्हणजे समोरच्याला पुढे वाकून ऐकावा लागेल एवढाच होता. "आणि पडत असता, तर बदलायचा हक्क नव्हता."

सरांनी आलेख पुन्हा उचलला, लांब धरला, जवळ धरला. मग तळटीप वाचली. तळटीप पाऊण पानाची होती आणि तिच्यात गोजरबाई व बेबीनंदा यांची पूर्ण नावं होती.

"‘कुशल मजुरांकडून’ असं लिहितात," ते म्हणाले. "नावं नाही घालत."

"पराग कोणत्या जातीच्या माशीने वाहिला, तिचं नाव आपण घालतो, सर. लॅटिनमध्ये."

"परीक्षकाला तूच तोंड द्यायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही बोलू नका, सर."

सरांनी पेन शोधलं. ते खिशातच होतं. शेवटच्या पानावर सही करायला त्यांनी कागद उलटले, पण मध्येच थांबून सत्तेचाळीसच्या ठिपक्याकडे परत आले, आणि विभागात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी दिसलं की हा माणूस कधीकाळी खरोखर रानात उभा राहिला असावा.

"पिशवीला भोक होतं का बघितलंस?"

"बघितलं. नव्हतं."

"दोरी?"

"आवळलेली. पण गाठ कुणाची, सांगता येत नाही."

"हं," सर म्हणाले. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि ती चुकली म्हणून खोडून पुन्हा घातली.